प्री-वेडिंगचा गाऊन नको, पण धमाल हवी : पुण्यात काय काय जमेल?

नऊवारी_आणि_बूट | १२ ऑक्टोबर, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझं लग्न आहे. एरंडवण्यातलं कार्यालय, गोरज मुहूर्त, साडेतीनशे पानं. बाकी सगळं आई आणि मावशीनं ताब्यात घेतलंय. माझ्याकडे एकच खातं आलंय, फोटो. आणि गाडी तिथंच अडलीय.

काल फोटोग्राफरनं पोझची यादी पाठवली. चौऱ्याहत्तर पोझ. मी दहा मीटर शेपटाचा लाल गाऊन घालून धरणाकाठी, तो गुडघ्यावर. मी छत्रीत, तो छत्रीबाहेर. आम्ही दोघं कोऱ्या पाटीवर तारीख लिहितोय. अहो, आम्ही रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढणारी माणसं. ओळखच तिथं झाली. उतरताना त्याच्या बुटाचा सोल निघाला आणि माझ्या सॅकमध्ये जादा नाडी होती. त्याला गुडघ्यावर बसलेलं मी फक्त पोटरीत गोळा आल्यावर बघितलंय.

मनात आहे ते असं : नऊवारीत रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं), मुळशीच्या बाजूला कयाक, त्याच्या आजोबांची जुनी चेतक, आणि लग्नाच्या दिवशीसुद्धा काहीतरी दंगा. आईचं म्हणणं एवढंच की फोटोत तोंडं दिसली पाहिजेत आणि लग्नाआधी पाय मोडता कामा नये. कुणी असलं काही केलंय का? सांगा.

पेठी_खवचट | १२ ऑक्टोबर, रात्री ११.५२

त्या गाऊनचं शेपूट हवेत उडवून फोटोच्या आधी झुडपामागे पळणारा एक पोऱ्या असतो. आमच्या पुतण्याच्या अल्बममध्ये त्याचं अर्धं डोकं आलंय. संपूर्ण अल्बममधला जिवंत फोटो तो एकच.

वाचतोय.

टेकडीवरचा | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

अभिनंदन! आधी कडवट गोळी देतो. नऊवारी, फेटा, तलवार घेऊन गडावर शूट करायला जाऊ नका. सिंहगड म्हटलं की १६७० ची लढाई आणि तानाजी मालुसरे आठवणारी माणसं तिथं रोज येतात. त्यांना देवटाक्याशेजारी रिफ्लेक्टर धरलेला आवडत नाही, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. राजगड-लोहगड तर २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. लोहगड पुरातत्त्व खात्याकडे, म्हणजे तिपाई लावायची तरी आधी परवानगी. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, पाताळेश्वर इथेही तेच. साधा हातातला कॅमेरा चालतो, तिपाई उघडली की शिट्टी वाजते.

तुमची गोष्टच गडावरची असेल तर नेहमीच्या ट्रेकच्या कपड्यांत जा. पहाटे चढा, पुणे दरवाज्याच्या अलीकडे दम खात बसा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा. मित्राच्या हातात कॅमेरा द्या. त्याला शूट म्हणत नाहीत, रविवार म्हणतात.

अजून एक. तो रंगीत धूर सोडण्याचा प्रकार हल्ली फार बोकाळलाय. कड्याला आग्या मोहोळ लागलेली असतात, धूर गेला की माश्या उठतात. आणि टेकड्यांवर डिसेंबरपासून गवत वाळतं. वेताळ टेकडीवर वणवा विझवायला आम्ही झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन पळालोय. वनखात्याच्या हद्दीत व्यावसायिक शूटला परवानगी लागते ती वेगळीच.

जास्वंदी | १३ ऑक्टोबर, दुपारी १.३०

कयाकबद्दल माझ्याकडून ऐका, कारण मी पडलेय.

चार वर्षांपूर्वी, एका धरणाच्या बॅकवॉटरला. आमचा फोटोग्राफर (नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता) काठावरून ओरडला, "ताई, उभ्या राहा, हात पसरा!" मी उभी राहिले. कयाक म्हणजे साधी होडी नव्हे, ती अंगठ्याच्या नखाएवढ्या कारणानं उलटते. पाणी कमरेइतकंच होतं, पण नऊ वार पातळ भिजलं की त्याचं वजन काय होतं ते कळलं. काष्टा पायात अडकलेला, उठताच येईना. नवरा हसत होता. मग त्याला दिसलं की मला खरंच उठता येत नाहीये, आणि त्याचं हसू गेलं. भाड्यानं आणलेली ठुशी तळाला गेली ती गेलीच. अनामत रकमेतून कापली.

लाइफ जॅकेट "फोटोत वाईट दिसतं" म्हणून काढायला लावलं होतं. त्या दिवसाचा आमच्या घरात लावलेला फोटो कुठला, तर काठावर टॉवेल गुंडाळून चहा पितानाचा. नाक लाल, मेकअप गालावर. सासूबाईंना तोच आवडतो.

तर कयाक करा, पण जॅकेट घालूनच, बसूनच, आणि साडीत नको.

फ्रेमच्या_बाहेर | १३ ऑक्टोबर, रात्री १०.१५

अकरा वर्षं लग्नं टिपतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

मजेचे फोटो पोझ देऊन येत नाहीत. माणसाच्या हाताला काहीतरी काम द्यावं लागतं. "हसा" म्हटलं की लोक दात दाखवतात. "हिला पाठुंगळी घेऊन त्या बाकापर्यंत पळ, सात सेकंद आहेत" म्हटलं की दोघं विसरतात मी आहे ते. उडीचे फोटो काढताना एक-दोन-तीन कधीच म्हणत नाही, कारण एक जण दोनवर उडतो आणि दुसरा तीन झाल्यावर विचारतो, "आता का?" मी त्यांनाच एकमेकांना सांगायला लावतो. शटर १/१००० सेकंदाच्या आसपास, सलग फ्रेम, आणि मी जमिनीवर पालथा. खालून घेतलं की वीतभर उडीसुद्धा पुरुषभर दिसते. शर्टाची कोपरं फाटतात, तो धंद्याचा खर्च.

चेतकसाठी उलट करायचं. शटर १/३० ते १/६० वर आणायचं, स्कूटर कॅमेऱ्यासमोरून आडवी जाऊ द्यायची, आणि आपण कमरेतून वळत तिच्या वेगानं कॅमेरा फिरवायचा. माणसं स्वच्छ, मागची भिंत रेघारेघांची. वीसात दोन फोटो जमतात. म्हणून सोसायटीच्या आतला रस्ता घ्या, दहा चकरा मारता येतात. कर्वे रोडवर विनाहेल्मेट दहा चकरा मारल्यात तर पावत्यांचाच अल्बम होईल.

रॅपलिंग होऊ शकतं, पण दोर बांधणारा माणूस माझा नको, गिर्यारोहण संस्थेतला प्रशिक्षित हवा. उतरताना दोर ज्या धातूच्या आकड्यातून सरकतो त्यात पदर, केस, शेला, मंगळसूत्र काहीही ओढलं जातं, आणि एकदा अडकलं की माणूस अधांतरी. नऊवारीचा पदर कमरेत घट्ट खोचून वर हार्नेस, केसांचा अंबाडा, दागिने शून्य, हेल्मेट डोक्यावर. हेल्मेट काढून फोटो मागणाऱ्याला मी नाही म्हणतो. कडा शंभर फुटी लागत नाही. वीस फूट पुरतात, मी खाली जाऊन वर तोंड करून घेतला की मागे आकाशच येतं.

ड्रोन विसरा. खडकवासल्याला एनडीए (लष्करी प्रबोधिनी), लोहगावला हवाई दलाचा तळ. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरचा नकाशा बघावा लागतो. लाल भागात केंद्राच्या परवानगीशिवाय नाही म्हणजे नाही. "आमचा २५० ग्रॅमच्या आतला आहे" असं सांगणारे भेटतील. त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही हे खरं, पण त्यानं लाल भाग हिरवा होत नाही.

आणि मुख्य गोष्ट, तुमचा गोरज मुहूर्त. डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे अंतरपाट धरेपर्यंत उजेड संपलेला. दोघांचे बाहेरचे फोटो साडेचार ते साडेपाचमध्येच उरकायला हवेत. मेकअपवालीला तीनला संपव सांगा, म्हणजे ती चारला संपवेल.

पेठी_खवचट | १३ ऑक्टोबर, रात्री १०.३१

एक शंका. शुभमंगल सावधानच्या वेळी साडेतीनशे लोकांना नवरा-नवरीऐवजी तीन फोटोग्राफरांच्या पाठी का दिसतात? गेल्या मे महिन्यात मी अक्षता एका व्हिडिओवाल्याच्या टकलावर टाकल्या. नाइलाज होता, दुसरं काही दिसतच नव्हतं.

फ्रेमच्या_बाहेर | १३ ऑक्टोबर, रात्री १०.४४

मान्य, एकशे एक टक्के. मी एकाला स्टेजच्या मागे बसवतो, वधूच्या मामाच्या मागे. तिथून अक्षता आपल्या दिशेनं येताना दिसतात, मागून दिवा असला तर प्रत्येक दाणा चमकतो. लोकांची तोंडंही येतात. दुसरा कडेला, गुडघ्यावर. बस्स.

रोलवाले_आजोबा | १४ ऑक्टोबर, सकाळी ५.५०

आमचं लग्न १९७८ चं. १२० नंबरच्या फिल्मचे दोन रोल, एका रोलात बारा, म्हणजे एकूण चोवीस फोटो. फोटोग्राफर प्रत्येक बटण दाबण्याआधी माझ्या सासऱ्यांकडे बघायचा, कारण पैसे ते देणार होते. त्या चोवीसांत बावीस फोटोंत आम्ही पोलिसात जबाब द्यायला आल्यासारखे उभे आहोत.

तेविसावा कानपिळीचा. माझा मेहुणा तेव्हा नऊ वर्षांचा. लाजाहोम झाल्यावर त्याला सांगितलं, जावयाचा कान पीळ. तो बिचारा कधीपासून वाट बघत होता. त्यानं असा काही पिळला की मी खरोखर ओरडलो, मुंडावळ्या एका डोळ्यावर आल्या, गुरुजींच्या हातातली पळी सुटली आणि आमची ही (तेव्हा अजून पुरती आमची झाली नव्हती) पदर तोंडाला लावून हसतेय. फोटो किंचित हललेला आहे. मेहुणा आता छप्पन वर्षांचा, दिवाळीला आला की तो फोटो मागून घेतो.

पोरी, तुला दंगा हवाय ना? तो विधींमध्ये आधीच भरलेला आहे, बाहेरून आणायला नको. लग्नानंतरचे खेळ ठेवलेत का? हळदीच्या पाण्यातली अंगठी, मुठीतली सुपारी एका हातानं सोडवणं, दातात धरलेलं विड्याचं पान तोडणं? आमच्याकडे आंब्याच्या डहाळीनं एकमेकांवर पाणी उडवायचे. हल्ली जेवणाची घाई म्हणून हे सगळं गाळतात.

चोविसावा फोटो पंगतीचा, त्यात फक्त जिलबी नीट आलीये.

जास्वंदी | १४ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

आजोबा, हा फोटो इथे टाकाच.

नऊवारी_आणि_बूट | १४ ऑक्टोबर, रात्री ९.२५

सगळ्यांचे आभार. आजोबांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "खेळ तर मी ठेवणारच होते, तूच नको म्हणालीस." खरंय, मीच म्हणाले होते. बदलते.

गडावर शूट नाही, हे ठरलं. कयाकही कटाप. जास्वंदीताईंची ठुशी वाचून होणाऱ्या नवऱ्यानं परस्पर रद्द केलं. त्याला ताम्हिणीत धबधब्याखाली फोटो हवा होता, पण डिसेंबरात तिथं पाणीच नसतं हे त्याच्या लक्षात आणून दिलं.

प्रश्न दोन. हळदीला कॅमेऱ्याचं काय होतं? आणि माझा भाऊ सव्वीस वर्षांचा, सहा फूट. त्यानं कान पिळला तर?

टेकडीवरचा | १४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

धबधब्याचं बरं झालं. पावसाळी शूटवाले कुणी वाचत असतील तर त्यांना : जून २०२४ मध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातलं कुटुंब वाहून गेलं. वर डोंगरात पाऊस पडला की खालचं पाणी सांगून वाढत नाही. प्रवाहात उभं राहून फोटो नको म्हणजे नकोच.

सहा फुटी भावाला आधी दोन नारळ सोलायला द्या, दमेल.

फ्रेमच्या_बाहेर | १४ ऑक्टोबर, रात्री ११.०२

हळद : कोरडी पूड कॅमेऱ्याच्या फटींत शिरते, ओली लेन्सवर बसते. पावसाळी कव्हर, पुढे साधा फिल्टर, आणि तिथं लेन्स बदलायची नाही. पण खरी डोकेदुखी रंगाची. पिवळे कपडे, पिवळी झेंडू, त्यात मांडवाचं पिवळं किंवा गुलाबी कापड. ऊन त्या कापडातून गाळून येतं आणि सगळं खानदान काविळीचं दिसतं. शक्य असेल तर वरचं छत पांढरं सांगा, भोवतीच्या झालरी हव्या तेवढ्या पिवळ्या करा. हा निरोप डेकोरेशनवाल्याला आत्ताच द्या, आदल्या रात्री तो ऐकत नाही.

अजून एक, अनुभवाचा. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस माझ्या हवाली करा, ज्याला नातेवाईक ओळखता येतात. मला काय माहीत कोपऱ्यातल्या आजी कोण आहेत? त्या वधूच्या आत्याआजी निघतात, त्यांचा एकही फोटो नसतो, आणि सहा महिन्यांनी मला फोन येतो.

गुरुजींना आधी भेटा. "अंतरपाट दूर झाला की दहा सेकंद थांबाल का?" एवढंच विचारा. बहुतेक गुरुजी थांबतात. अर्ध्या मंगलाष्टकेत "गुरुजी, परत एकदा" म्हणणारे फोटोग्राफर मी पाहिलेत. तो मुहूर्त आहे, रीटेक नव्हे.

पेठी_खवचट | १४ ऑक्टोबर, रात्री ११.१५

धाग्यात चक्क उपयोगी माहिती येतेय. संस्थळाचा दर्जा घसरला.

नऊवारी_आणि_बूट | १६ डिसेंबर, संध्याकाळी ७.३०

झालं लग्न! वृत्तांत द्यायला हवा म्हणून धागा वर काढतेय.

रॅपलिंग नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी केलं. ओळखीच्या क्लबच्या दोघांनी दोर लावले, वीस-बावीस फुटी कातळ. पदर खोचलेला, अंबाडा, हेल्मेट. नऊवारी या कामाला इतकी सोयीची असेल असं वाटलं नव्हतं. काष्ट्यात पाय हवे तसे फाकतात, पँटपेक्षा बरं. तो धोतर नेसून उतरला आणि अर्ध्यात धोतर सुटायला लागलं. एक हात दोरावर, दुसऱ्यानं निरी धरायची की ब्रेकचा दोर, असा प्रश्न. त्यानं दोर धरला. (आत ट्रेकची चड्डी होती, काळजी नसावी.) खालून क्लबमधली मुलं "निरी सोड, दोर धर!" ओरडतायत, मी शेजारच्या दोरावर हसून हसून लटकलेली, आणि फोटोग्राफर पालथा. हा फोटो आता बैठकीत लागणार आहे. आई म्हणते बैठकीत नको, आतल्या खोलीत.

लग्नाच्या दिवशी मेकअप तीनला संपायचा तो चार वाजून दहा मिनिटांनी संपला. सल्ला बरोबर होता. उरलेल्या वेळात चेतक. आजेसासऱ्यांची, आकुर्डीच्या कारखान्यातली, सहा वर्षं झाकून ठेवलेली. मेकॅनिकनं आदल्या दिवशी सुरू करून दाखवली होती. कार्यालयाच्या मागच्या गल्लीत आम्ही बसलो, मी शालूत, तो फेट्यात, आणि त्यानं किक मारली. काही नाही. पंधरा किका. फेटा उजवीकडून सुटला. चोक ओढला, पेट्रोलचा कॉक फिरवला, काही नाही. माझे काका आले, त्याचे मामा आले, प्रत्येकाचं वेगळं निदान. तेवढ्यात आजोबा काठी टेकत आले. ब्याऐंशी वर्षांचे. म्हणाले, "खाली उतरा दोघं." नातवाला सांगितलं, "आडवी कर. अशी नाही, इंजिनाच्या बाजूला." नवरदेवानं शेरवानीसकट स्कूटर जवळजवळ रस्त्याला टेकवली, दहापर्यंत आकडे मोजले, उभी केली. आजोबांनी काठी माझ्या हातात दिली आणि स्वतः किक मारली. एकच. सगळी गल्ली निळ्या धुरानं भरली. हा धूर चालला, मोहोळ नव्हतं.

मग आजोबाच चालवत निघाले. मागच्या सीटवर मी, हातात त्यांची काठी. नवरा शेजारून पळतोय, एका हातात फेट्याचं टोक. १/३० वाला फोटो तोच जमला, त्यात नवरा फक्त एक केशरी रेघ आहे.

गुरुजी दहा सेकंद थांबले. भावानं कान हळूच पिळला, सगळ्यांचा विरस झाला. मग माझ्या आठ वर्षांच्या मामेबहिणीनं "मी करते" म्हणून दुसरा कान धरला. रोलवाले आजोबा, तो फोटो तुमच्या तेविसाव्याच्या तोडीचा आहे, मुंडावळ्यांसकट. सुपारी मी सोडू दिली नाही. त्याच्या बोटावर अजून माझ्या नखाचा वण आहे.

आत्याआजींचा फोटो राहिला तो राहिलाच.

पेठी_खवचट | १६ डिसेंबर, संध्याकाळी ७.४१

फोटो कुठे आहेत?

नऊवारी_आणि_बूट | १६ डिसेंबर, संध्याकाळी ७.४५

आईकडे मंजुरीसाठी अडकलेत.

रोलवाले_आजोबा | १७ डिसेंबर, सकाळी ५.४०

अनेक आशीर्वाद. स्कूटरचा प्लग काढून पॉलिश पेपरनं घासून घ्या, आणि पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्त पडतंय. एवढा निळा धूर बरा नाही.